वैद्यकाचे विद्यार्थी व योगाभ्यास

दसरा चौकाच्या बाजूने सीपीआर रुग्णालयाकडे सकाळी आठच्या सुमारास चालत गेल्यास माणसांचे दोन प्रवाह समोरासमोर येताना दिसतात. एक आत जाणाऱ्यांचा. त्यात रुग्ण, त्यांचे नातलग, डबे घेतलेल्या बायका, आणि इस्त्रीचे पांढरे कोट घातलेली मुले. दुसरा रात्रपाळी संपवून बाहेर पडणाऱ्यांचा. ह्या दुसऱ्या प्रवाहातील चेहरे एकदा निरखून पाहावेत. एकवीस-बावीस वर्षांची वये, पण पाठ वाकलेली, डोळे तांबारलेले, आणि चाल अशी की ऊस तोडून परतणाऱ्या गड्याचीही तिच्याहून बरी. आपण आजारी पडलो म्हणजे ज्यांच्या हाती आपला देह सोपवावयाचा, त्यांच्या देहाची विचारपूस कोण करतो, हा प्रश्न मला प्रथम ह्याच रस्त्यावर पडला.

मी वैद्य नव्हे, आणि योगी तर नव्हेच नव्हे. जुन्या भाषेत सांगावयाचे तर मॅट्रिक होऊन प्राथमिक शिक्षकाची सनद घेतली व आयुष्यभर मुलांना पाढे, शुद्धलेखन आणि कवायत शिकविली. कवायतीच्या निमित्ताने आसने शिकलो, ती अंगी मुरली, आणि निवृत्तीनंतर काही जुने विद्यार्थी घराच्या गच्चीवर पहाटे येऊ लागले. त्यांतील कोणी नर्सिंगचे, कोणी वैद्यकाचे, एकजण फिजिओथेरपीचा. त्यांना शिकविताना मीच अधिक शिकलो. त्यातले काही आज सांगावयाचे आहे.

कोल्हापूरच्या मुलास आसन शिकविणे हे काम वाटते तितके सोपे नाही. ज्या गावात शाहू महाराजांनी १९१२ साली खासबागेचे कुस्तीचे मैदान बांधून पुरे केले, आणि जेथे पेठेपेठेत तालीम आहे, तेथे व्यायाम म्हणजे जोर, बैठका व घाम हे समीकरण मुलांच्या रक्तातच असते. ‘नुसते पडून राहावयाचे, ह्याला व्यायाम कोण म्हणेल?’ असे शवासनाविषयी मला पहिल्याच आठवड्यात विचारण्यात आले. त्यात विचारणारा वैद्यकाच्या दुसऱ्या वर्षाचा, म्हणजे प्रत्येक गोष्टीस पुरावा मागण्याची सवय लागलेला. अशा मुलास ‘ऋषिमुनींनी सांगितले आहे’ एवढे सांगून भागत नाही, आणि भागू नये असेच माझेही मत आहे.

सुदैवाने ह्या प्रश्नाचे उत्तर देणारा एक पुरुष महाराष्ट्रात होऊन गेला, आणि तोही मूळचा शिक्षकच. जगन्नाथ गणेश गुणे ह्यांचा जन्म १८८३ चा. मॅट्रिकच्या परीक्षेत संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी मिळविली होती. (मॅट्रिक आम्हीही झालो, शिष्यवृत्तीचे मात्र विचारू नये.) बडोद्यास प्रोफेसर माणिकरावांच्या हाताखाली ते शरीरसाधना शिकले, अमळनेरास अध्यापन केले, मालसरच्या माधवदासजींकडे योग शिकले, आणि पुढे स्वामी कुवलयानंद ह्या नावाने १९२४ साली लोणावळ्यास त्यांनी कैवल्यधाम ही संस्था स्थापन केली. त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक निघाले. त्यांचे वैशिष्ट्य असे की, योगाने काय होते हे सांगण्यापूर्वी त्यांनी ते मोजावयास घेतले. नौली करताना पोटात काय घडते हे पाहण्यासाठी त्यांनी क्ष-किरणांचा व दाबमापक यंत्राचा उपयोग केला, आणि त्या वेळी मोठ्या आतड्यातील दाब बाहेरच्या हवेच्या दाबाहून कमी होतो असे दाखवून दिले. बस्तिक्रियेत पाणी आत कसे ओढले जाते ह्याचा उलगडा त्यातून झाला. ज्याला तोपर्यंत सिद्धी म्हणत, ते दाबाचे साधे गणित निघाले. माझ्या त्या शंकेखोर विद्यार्थ्यास ही हकीकत सांगितली तेव्हा तो प्रथमच चटईवर नीट मांडी घालून बसला.

शवासनाचे म्हणाल, तर त्याचाही पुरावा मुंबईतच आहे. परळच्या केईएम रुग्णालयातील प्रसिद्ध हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते व त्यांच्या सहकाऱ्यांनी रक्तदाबाच्या ४७ रुग्णांना शवासन शिकविले आणि त्याचा वृत्तांत १९६९ साली प्रसिद्ध केला. शांत पडून, श्वासाकडे लक्ष ठेवून, ठरावीक लयीने श्वास घ्यावयाचा, एवढीच ती क्रिया. परंतु पुष्कळ रुग्णांचा रक्तदाब उतरला आणि काहींची औषधाची मात्रा कमी करता आली. येथे ध्यानात ठेवावयाचे ते हे की औषध वैद्यांनी तपासून कमी केले; रुग्णाने आपल्या मनाने सोडले नाही.

आता मूळ विषयाकडे वळू. वैद्यकाच्या विद्यार्थ्यांनी स्वतःकरिता योगाभ्यास करावा काय, आणि केल्यास काय होते? शीव येथील लोकमान्य टिळक वैद्यकीय महाविद्यालयाच्या शारीरक्रियाशास्त्र विभागात प्रथम वर्षाच्या ५० विद्यार्थ्यांवर एक पाहणी झाली. ती १९९९ साली प्रसिद्ध झाली. परीक्षेच्या आधी व ऐन परीक्षेच्या दिवशी त्यांच्या मनाची धाकधूक ठरावीक प्रश्नावलीने मोजण्यात आली. योग न करणाऱ्यांची धाकधूक परीक्षेच्या दिवशी वाढली, हे ओघानेच आले. योग करणाऱ्यांची मात्र कमी झाल्याचे आढळले, आणि नापासांची संख्याही त्यांच्यात कमी होती. हे वाचून कोणीही शिक्षक हुरळून जाईल. मीही गेलो. परंतु पन्नास ही काही मोठी संख्या नव्हे. आणि ज्या मुलांना रोज कोणीतरी आपुलकीने जवळ बसवितो, त्यांना त्या आपुलकीचाच किती गुण येतो, हे योगापासून वेगळे काढून दाखविणे कठीण आहे. अमेरिकेत बोस्टन येथे अकरा आठवड्यांचा योग व मज्जाशास्त्र ह्यांचा जोड अभ्यासक्रम २७ वैद्यकविद्यार्थ्यांना दिला, त्याचा २०१३ सालचा वृत्तांतही असाच सावध आहे. मुलांचा स्वतःवरील ताबा आणि स्वतःविषयीची कणव वाढल्याचे त्यात दिसले; मनावरील ताण मात्र खात्रीने सांगता येईल इतका उतरला नाही.

स्वतःविषयीची कणव हा शब्दप्रयोग आपल्याकडे थोडा विचित्र वाटेल. परंतु शुश्रूषेच्या क्षेत्रात तो फार उपयोगाचा आहे. रात्री तीन वाजता एखादा रुग्ण दगावतो, आणि सकाळी त्याच मुलीला दुसऱ्या खाटेवरच्या आजीबाईंना हसतमुखाने दूध पाजावयाचे असते. ‘माझ्या हातून काही राहिले काय?’ हा प्रश्न तिच्याबरोबर घरापर्यंत येतो. त्या प्रश्नाला घाबरून पळावयाचे नाही आणि त्याच्या ओझ्याखाली दबूनही जावयाचे नाही, अशी मधली जागा मनात तयार करणे हे मला ह्या अभ्यासाचे खरे काम वाटते. कंबर सुटी होते हा फायदा आहेच, पण तो दुय्यम.

श्वासाचे शास्त्र थोडक्यात सांगतो, कारण ते सुंदर आहे आणि घरोघरी करून पाहता येण्यासारखे आहे. आपण आपली नाडी धरून सावकाश श्वास आत घ्यावा, मग सावकाश सोडावा. श्वास घेताना नाडी किंचित जलद होते आणि सोडताना मंदावते, हे तरुण माणसात बोटालाही कळते. मेंदूतून निघणाऱ्या नसांच्या बारा जोड्या आहेत. त्यांतील दहावी, तिला व्हेगस म्हणतात, ती खाली छातीत व पोटात उतरते आणि हृदयाला लगाम घालते. श्वास सोडताना हा लगाम ओढला जातो. म्हणून उच्छ्वास लांबविला की हृदयाला ‘सबूर’ असा निरोप जातो. स्वस्थ बसलेला प्रौढ मनुष्य मिनिटास साधारण बारा ते सोळा श्वास घेतो. तो वेग सहापर्यंत आणला, म्हणजे चार अंक मोजेपर्यंत श्वास घेतला व सहा अंक मोजेपर्यंत सोडला, तर हृदय, रक्तदाब व श्वास ह्यांचा मेळ विशेष चांगला बसतो. गंमत अशी की, इटलीतील संशोधकांनी २००१ साली दाखविले की ख्रिस्ती लोकांची लॅटिन भाषेतील जपमाळ आणि बौद्धांचा मंत्र, दोन्ही म्हणताना श्वास आपोआप मिनिटास सहाच्या आसपास येतो. आमच्या आजीचा पहाटेचा जप मी कधी मोजला नाही, ह्याची आता हळहळ वाटते.

सरकारदरबारीही हा विषय पोहोचला आहे. आयुर्वेदाच्या विद्यार्थ्यांना स्वस्थवृत्त ह्या विषयात योग पूर्वीपासून आहे. आधुनिक वैद्यकाच्या विद्यार्थ्यांकरिता राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ साली अशी सूचना केली की, दरवर्षी १२ जूनपासून २१ जूनपर्यंत दहा दिवस, रोज एक तास योग शिकवावा. एकवीस जून हा संयुक्त राष्ट्रसंघाने २०१४ साली ठरविलेला योगदिन. सूचना चांगल्या हेतूची होती, ह्याविषयी शंका नाही. परंतु दहा दिवस हा आकडा ऐकून मला शाळेतील साहेबांची तपासणी आठवली. साहेब येणार म्हटले की आठ दिवस आधी पायऱ्यांना चुना लागे, हजेरीपट सारखे होत, मुलांची नखे कापली जात. साहेब गेले की नखे आपल्या वेगाने पुन्हा वाढत. अभ्यास हा शब्दच मुळी पुनःपुन्हा करण्याचा वाचक आहे. दहा दिवसांत आसनांची ओळख होते. अभ्यास होत नाही.

ह्याहून अवघड गोष्ट वेळेची आहे, आणि तिथे गणिताचा मास्तर मला गप्प बसू देत नाही. ह्याच आयोगाने नेमलेल्या कृतिदलाने २०२४ साली वैद्यकविद्यार्थ्यांच्या मानसिक स्वास्थ्याविषयी अहवाल दिला. त्यात २५,५९० पदवी-विद्यार्थ्यांनी उत्तरे दिली होती, आणि त्यांपैकी २७.८ टक्क्यांनी आपल्याला मानसिक विकाराचे निदान झाले असल्याचे स्वतः सांगितले. म्हणजे चौघांत एकाहून अधिक. निवासी डॉक्टरांना आठवड्यास ७४ तासांहून जास्त काम देऊ नये, एक दिवस सुटी असावी आणि सात ते आठ तास झोप मिळावी, अशी शिफारस त्या दलाने केली. आता ७४ तास सहा दिवसांत वाटले तर रोजचे बारा तास वीस मिनिटे होतात. चोवीसांतून ते वजा जाता उरले अकरा तास चाळीस मिनिटे. सात तास झोपेचे काढले की उरले चार तास चाळीस मिनिटे. त्यात स्नान, जेवण, जाणे-येणे, कपडे धुणे, घरी फोन, आणि पुढच्या परीक्षेचा अभ्यास. हा हिशेब शिफारस तंतोतंत पाळली गेली तरचा आहे. अशा माणसास ‘रोज एक तास योग कर’ असे सांगणारा शिक्षक एक तर निर्दय असावा, नाही तर त्याला वजाबाकी येत नसावी.

म्हणून माझे स्पष्ट मत असे की, झोप आणि विश्रांती ह्यांच्या जागी योग बसविता येत नाही. कामाचे तास कमी करणे हे व्यवस्थेचे काम. ते न करता विद्यार्थ्याच्या हाती चटई देणे म्हणजे गळक्या कौलाखाली भांडे ठेवून घर शाकारल्याचे समाधान मानण्यासारखे आहे. पण कौल दुरुस्त होईपर्यंत भांडे ठेवू नये, असेही मी म्हणणार नाही.

आमच्या गच्चीवर आम्ही काय केले ते सांगतो. आरंभी मी जुन्या सवयीने कवायत घेतली. रांगा, आकडे, आसनांची लांबलचक यादी. कुवलयानंदांनी शाळांकरिता यौगिक संघव्यायाम बांधून दिला होता, तो मला पाठ; पण तो होता चांगली झोप घेऊन आलेल्या मुलांकरिता. माझी ही मुले रात्र जागून येत. एकदा शवासनात एक नर्सिंगची मुलगी घोरू लागली. मी तिला हलवून उठविले आणि शवासन म्हणजे झोप नव्हे, ह्यावर छोटेसे व्याख्यान दिले. ती ओशाळून म्हणाली, “गुरुजी, मी दोन रात्री झोपलोच नाही की.” (आमच्याकडच्या मुली अशाच बोलतात, पुण्याच्या वाचकांनी व्याकरण पाहू नये.) त्या एका वाक्याने माझे व्याख्यान संपले. तेव्हापासून आमच्याकडे शवासनात झोप लागल्यास उठविण्याची मनाई आहे. फक्त पांघरूण घालावयाचे.

पुढे यादी कमी होत गेली. आज सगळा पाठ वीस मिनिटांचा आहे. तासन् तास उभे राहून पायांच्या शिरा टरारतात, म्हणून भिंतीला पाय टेकून उताणे पडावयाचे, पाच मिनिटे. रुग्ण उचलून व खाटेवर वाकून कंबर धरते, म्हणून भुजंगासन व अर्धशलभासन, आणि त्यानंतर गुडघे पोटाशी घेऊन पवनमुक्तासन. मान व खांदे ह्यांकरिता वक्रासन, तेही बेताने. मग चार-सहाच्या मापाने श्वास, शेवटी शवासन. शीर्षासन मी शिकवीत नाही. कोणी हट्ट धरला तर वाट दाखवितो ती जाणत्या गुरूच्या घराची. कपालभातीविषयीही सावध राहतो, कारण वाढलेला रक्तदाब, फेफरे, गर्भारपण ह्यांत ती करू नये, आणि कोणाला काय आहे हे मला तोंड पाहून कळत नाही.

ह्यातील श्वासाचा भाग असा आहे की तो गच्चीवरच राहत नाही. एका मुलीने सांगितले की, शीर सापडत नसलेल्या लहान मुलाला सुई टोचण्यापूर्वी ती दोन लांब श्वास सोडते. हात स्थिर होतो. दुसरा म्हणाला, हात धुण्याच्या वेळेत तो हेच करतो. शस्त्रक्रियेपूर्वी हात धुवावयास काही मिनिटे लागतातच; त्यांना वेगळा वेळ काढावा लागत नाही. मला हे कधी सुचले नसते.

आता माझ्या हातून झालेली चूक. वैद्यकाचा एक विद्यार्थी, दुसऱ्या गावी शिकणारा, सुटीत घरी आला असता माझ्याकडे येई. तो म्हणाला, “गुरुजी, डोळे मिटून श्वासाकडे लक्ष दिलं की छाती धडधडते, पळून जावंसं वाटतं.” मी त्याला सांगितले, “मन चंचल आहे, अभ्यास वाढव.” शिक्षकाला न येणाऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘अभ्यास वाढव’ हेच असते. त्याने वाढविला, आणि त्याचा त्रासही वाढला. चार दिवसांनी तो यावयाचा थांबला. मी मनात म्हणालो, आळशी आहे. महिन्याने त्याची आई भेटली तेव्हा कळले की मुलगा जेवत नव्हता, झोपत नव्हता, आणि शेवटी तिनेच त्याला मानसोपचार करणाऱ्या डॉक्टरांकडे नेले. त्याचे एक वर्ष गेले. पुढे तो पास झाला, आता बरा आहे. परंतु मला त्याने खूण दिली होती आणि मी ती वाचली नाही. मागाहून मी वाचले, विचारले, तेव्हा समजले की अतिशय घाबरलेल्या किंवा खचलेल्या मनाला डोळे मिटून आत पाहण्यास सांगणे काही वेळा अपायकारक होते. अशा वेळी डोळे उघडे ठेवावे, भिंतीला टेकून बसावे, श्वास सोडून द्यावा व हातापायांच्या हालचालीकडे लक्ष द्यावे. आणि मुख्य म्हणजे योगशिक्षकाने आपली मर्यादा ओळखून त्या माणसास डॉक्टरांकडे पोहोचवावे. सरकारने ऑक्टोबर २०२२ पासून टेलिमानस ही दूरध्वनीची सोय केली आहे. तिचा क्रमांक १४४१६. आमच्या जिन्याच्या दाराशी तो खडूने लिहून ठेवला आहे, आणि पावसाने पुसला की मी पुन्हा गिरवितो.

ह्या प्रसंगानंतर वर्गात एक बदल केला. पहिली तीन मिनिटे आसन नाही. काल किती तास झोप झाली आणि शेवटचे जेवण कधी झाले, एवढेच प्रत्येकाने सांगावयाचे. पाच तासांहून कमी झोप झालेल्याने आसने करावयाची नाहीत, सरळ भिंतीला पाय लावून पडावयाचे. ह्यात हजेरी नाही, गुण नाहीत, छायाचित्र नाही. महाविद्यालयांनी योगवर्ग ठेवावे, पण त्यांची परीक्षा घेऊ नये, असे मला वाटते ते ह्याच कारणाने. ज्या मुलांची आधीच रोज परीक्षा होत असते, त्यांना दिवसातून वीस मिनिटे तरी कोणी मापू नये. ह्यावर माझे एक स्नेही म्हणतात की, परीक्षेत नसलेल्या विषयाकडे आपल्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही. त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नाही. आरंभी चौदाजण येत, आता सात येतात, आणि त्या सातांतही रात्रपाळीप्रमाणे रोजची माणसे बदलतात.

आषाढात गच्चीवर पाणी साचते, म्हणून वर्ग माजघरात भरतो. तेथे भिंतीला पाय टेकावयास पाचांचीच जागा आहे. उरलेले दोघे आमच्या कपाटाला टेकवितात, आणि त्यांच्या टाचांच्या दोन खुणा लाकडावर उमटल्या आहेत. सौभाग्यवती त्या पुसू देत नाहीत.